ताराबाईंचं मेल्यानंतरचं लग्न

नोव्हेंबर आला की त्या घरात परमेश्वरचा मान वाढायचा.

एरवी वर्षभर त्याची खाट मागच्या खोलीत असायची, खताच्या गोण्या आणि फवारणीचा पंप यांच्या शेजारी. पण फौजेतून अपंग होऊन आलेल्या माणसाला वर्षातून एकदा सरकारला दाखवावं लागतं, की बाबांनो, मी अजून जिवंत आहे. त्या दिवशी खाट ओसरीवर यायची. राधाकिशन स्वतःच्या हातानं थोरल्या लेकाची दाढी करायचे. गीताबाई शेवयांची खीर शिजवायच्या. धाकटा हरिओम मोबाइल घेऊन समोर उकिडवा बसायचा.

"दादा, इकडं बघ. डोळे झाक. आता उघड. पुन्यांदा झाक."

परमेश्वर कवायतीचा हुकूम पाळावा तसे डोळे झाकायचा, उघडायचा. मोबाइलवर हिरवी खूण उमटली, की हयातीचा दाखला गेला असं समजायचं आणि सगळं घर सैल पडायचं.

"झालं. वरीसभर आता काळजी न्हाई," राधाकिशन वस्तरा पुसत म्हणाले.

हरिओमची बायको वैष्णवी दारात उभी राहून हे बघत होती. चार वर्षांची संस्कृती तिच्या निऱ्यांना लोंबकळत होती. वैष्णवीला बघायची सवयच लागली होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.ए. झालेली ही पोरगी पाच वर्षांपूर्वी नेकनूरजवळच्या या गावात सून होऊन आली, आणि आल्यापासून घरातल्या माणसांची तोंडं वाचत आली. कुणाच्या मनात काय आहे हे आधी कळलं तर आपल्याला लपता येईल, एवढाच त्यातला हेतू. म्हणून तिला आजही दिसलं. दाढी करताना सासऱ्यांनी परमेश्वरच्या सुजलेल्या गालावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. सासऱ्यांनी हरिओमकडं बघितलं, हरिओमनं त्यांच्याकडं. ती नजर काळजीची नव्हती. बाजारात न्यायच्या बैलाचे दात बघतात, तशी होती.

दिवाळीआधीच अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मूत्रपिंडं थकलीत, जपून राहा. आठ वर्षांपूर्वी वरच्या पहाडात फौजेची गाडी दरीत गेली तेव्हापासून परमेश्वरचं कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. लघवीची पिशवी, पाठीच्या जखमा, दर दोन तासांनी कूस बदलणं. हे सगळं आता वैष्णवी करायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "किळस येत न्हाई का गं तुला?" सुरुवातीला आली होती. मग जखमेची किळस येणं बंद झालं. जखम खोटं बोलत नाही, पू असला तर दिसतो.

संध्याकाळच्या आत खाट परत गोण्यांपाशी गेली. उरलेली खीर हरिओमनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मोहनराव आले. मोहनराव म्हणजे गावाचा सल्ला. कुणाची मोजणी अडली, कुणाची सोयरीक मोडली, की त्यांची पांढरी गाडी दारात उभी. कडक इस्त्रीचा सदरा, अंगाला अत्तर.

"राधाकिशनराव, तवा आपलं जरा चुकलं," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "सुकन्याला काडताना आपण एवढंच बघितलं, की पेन्शनीत वाटा मागायला कुणी उरू ने. पर त्याच्यानं बायकोचं नावच गेलं ना कागदावरून. उद्या परमेश्वरचं बरंवाईट झालं, तर मागं सरकारनं द्यायचं कुणाला?"

"आईबापाला देत्यात म्हणं."

"तुमच्या नावावर जमीन हाय. पोराचा टेम्पो पळतोय. तुमी बसत न्हाईत त्यात. बायकोच पायजे. तिला हयातभर मिळतं. जेवढी बायको तरणी, तेवढी वर्षं जास्त."

"मग सुकन्यालाच आणा की परत," गीताबाई म्हणाल्या.

"अन् काय करता? पैसा तिच्या खात्यात जाणार, ती चकलांब्याला माहेरी बसून खाणार. तुमचं चालंल का तिच्यावर? घरातली पायजे वैनी. हाताखालची."

वैष्णवी आत पातेलं उतरवत होती. बाहेरचं बोलणं मधेच तुटलं, आणि सगळेजण स्वयंपाकघराच्या दाराकडं बघताहेत हे तिला न बघताच कळलं.

सुकन्या तिची थोरली जाऊ. लग्नाला वर्ष झालं नाही तोच नवरा दवाखान्यातून स्ट्रेचरवर आला, आणि पुढची सहा वर्षं तिनं त्याला लहान लेकरासारखं सांभाळलं. स्वतःला मूल नाही, त्याचं कधी तोंडावर आणलं नाही. पूर्ण अपंग माणसाची देखभाल करणाऱ्यासाठी सरकार पेन्शनीवर वेगळा भत्ता देतं. तो भत्ता हरिओमच्या टेम्पोच्या हप्त्यात जायचा. एके दिवशी सुकन्या म्हणाली, बँकेचं कार्ड माझ्याकडं द्या, ह्यांना उचलायला एक गडी ठेवते, पुण्याच्या फौजी केंद्रात दाखवून आणते. एवढंच म्हणाली. महिन्याच्या आत घराला ती नकोशी झाली.

त्यांनी मोठ्या शिताफीनं केलं. आधी सुकन्याला त्याच्या खोलीत जायचं बंद केलं, त्याचं सगळं गीताबाई बघू लागल्या. परमेश्वरला सांगितलं, की सुकन्या म्हणते, मेलेल्या माणसाशेजारी किती रात्री काढू. सुकन्याला सांगितलं, की परमेश्वर म्हणतो, हिचं तोंड बघवत नाही. दोघांच्या मधे एक भिंत होती आणि निरोप नेणारी माणसं एकच होती. परमेश्वरला वाटलं, आपण तिला मोकळं करतोय. सुकन्याला वाटलं, आपल्याला हाकललं. बैठक बसली, थोडे पैसे आणि लग्नातली भांडी देऊन परस्पर संमतीचा कागद झाला, कोर्टात तारखा झाल्या, निकाल लागला. तारखेला परमेश्वरला टेम्पोत घालून नेलं होतं. गाडीतूनच त्यानं हो म्हणून मान हलवली. सुकन्याकडं बघितलं नाही. तिनंही नाही.

वैष्णवीला दोन्ही निरोप ठाऊक होते. दोन्ही खोटे आहेत हेही ठाऊक होतं, कारण ते चुलीपुढं बसून ठरवले गेले तेव्हा ती तिथंच भाकरी थापत होती. ती गप्प बसली. पदरात एकच मुलगी, सासूच्या तोंडी रोज नातवाचा जप, थोरली गेली तर आपली जागा पक्की होईल असा हिशेबी विचारही तिनं केला. इतकंच नाही. बैठकीच्या कागदाचा मसुदा मोहनरावांनी तिच्याकडूनच लिहून घेतला होता. 'अपंगत्वाचे वेतन हा परमेश्वर यांच्या देहाचा मोबदला असून त्यावर पत्नीचा कसलाही हक्क राहणार नाही,' हे वाक्य तिचं. "पोरीचं शिक्षण कामी आलं," मोहनराव म्हणाले होते, आणि तिला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची तिला आता ओकारी येत असे.

हरिओमनं तिला दुपारी सांगितलं, टेम्पो धुता धुता.

"कागदावर फकस्त. आपली फारकत दाखवायची, दोन तारखा, सा महिने. मग दादासंगं तुझी नोंदणी. घरात काय बदलतंय? खोली तीच, मी तोच."

"आणि संस्कृती?"

"तिला काय झालंय? तिच्या नावाम्होरं माझंच नाव."

"आणि तिच्या आईच्या नावापुढं तिच्या चुलत्याचं. शाळेत पोरं विचारतील तिला."

"तू लई इचार करतीस. शिकलेल्या बाईचा हाच ताप." त्यानं टायरवर पाणी मारलं. "दादाचं नावच लावायचंय, त्याच्याजवळ झोपायला कुणी सांगितलंय का तुला?"

हे तो हसत बोलला. वैष्णवीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. पाच वर्षं ज्या तोंडाकडं बघून तिनं आपलं बरंवाईट ठरवलं, ते तोंड तिला एकदम कुणा तिऱ्हाइताचं वाटलं.

"कागदावर तुम्हीही मोकळे होणार," ती म्हणाली.

"मी कुठं पळून चाललोय?"

त्याचं उत्तर तिला दोन दिवसांनी मिळालं. गीताबाई अंगणात तूर निवडत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बहिणीला ऐकू कमी यायचं म्हणून त्या मोठ्यानं बोलायच्या. "व्हय, पोरगं मोकळंच की गं कागदानं. एक पोरगीच हाय त्याला, वंशाला काय? आत्ता न्हाई म्हणत मी. बघून ठिव एखादी."

वैष्णवी संस्कृतीचे केस विंचरत होती. फणी तशीच केसांत राहिली. एका सहीत परमेश्वरची पेन्शन घरात, हरिओमला दुसरी बायको घरात, आणि आपण गोण्यांपाशी, दोघांचीही आणि कुणाचीच नाही. सुकन्याला निदान भांडी देऊन पाठवलं होतं.

त्या आठवड्यात तिनं कुणाला काही म्हटलं नाही. परमेश्वरची पाठ धुताना शब्द ओठापर्यंत यायचे. पण सुरुवात कुठून करायची? माझा संसार वाचवा म्हणायचं, तर ज्या माणसाचा संसार आपल्या डोळ्यादेखत मोडला त्यालाच म्हणायचं. परमेश्वरलाही अर्धवटच सांगितलं गेलं होतं. देखभाल करणारी म्हणून वैष्णवीचं नाव कागदावर लावायचंय, एवढंच.

रविवारी मोहनराव वकिलाकडून शपथपत्राचा मसुदा घेऊन आले. ओसरीवर सतरंजी टाकली होती. राधाकिशन, गीताबाई, हरिओम. वैष्णवीला बोलावून समोर बसवलं.

"वकील म्हणला, भावाची बायको कायद्यात चालत न्हाई," मोहनराव सांगू लागले. "पर समाजात तशी रूढी असंल तर चालतं. म्हणून रूढी दाखवायची. सगळ्यांनी नीट ऐकून ठिवा, उद्या कुणी इचारलं तर तोंडं वेगळी नगं. वैष्णवी, वाच बाई मोठ्यानं. तुझं वाचणं सपष्ट हाय."

तिनं कागद घेतला. वाचू लागली. नावं, वयं, पत्ते. मग ते कलम आलं.

"'आमच्या समाजात व घराण्यात विधवा अथवा विभक्त स्त्रीने पतीच्या भावाशी विवाह करण्याची रूढी पूर्वापार चालत आलेली आहे. उदाहरणार्थ, राधाकिशन यांचे थोरले बंधू मयत झाल्यावर त्यांची विधवा ताराबाई हिचा विवाह मधले बंधू आप्पा यांच्याशी सदर रूढीप्रमाणे लावण्यात आला होता. उभयता आज हयात नाहीत.'"

वाचून झालं आणि वैष्णवी थांबली. ताराबाईंना तिनं वर्षभर बघितलं होतं. ती नवी नवरी असताना ही म्हातारी मागच्या खोलीत राहायची; परमेश्वरची खाट तिथं तिच्यामागून गेली. हळदीकुंकवाला तिला कुणी हाक मारत नसे. वैष्णवीच्या लग्नात ती मांडवाबाहेर, पत्रावळी ठेवतात तिथं बसली होती, नव्या सुनेवर सावली पडू नये म्हणून. संस्कृती पोटात असताना गेली. एकटी आली असेल तशी एकटी गेली.

"हे नाव कुणी घातलं?" गीताबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"मी सांगितलं वकिलाला," मोहनराव म्हणाले. "मेलेली माणसं बरी असत्यात वैनी. त्यान्ला कुणी समन्स काढत न्हाई."

गीताबाई नवऱ्याकडं वळल्या. "तुमाला ठावं होतं?"

राधाकिशन नखानं सतरंजीचा दोरा उसवत बसले.

"वैष्णवे, तुला सांगते," गीताबाई म्हणाल्या, पण बघत नवऱ्याकडंच होत्या. "मी सोळा वर्साची, नवी आलेली. ताराबाईला तेविसावं लागलं आसंल. अन् आप्पाभाऊजी खरंच लगीन करणार होते तिच्यासंगं. मामंजींच्या पायावर डोकं ठिवलं त्येंनी. म्हणले, मी नांदवतो वैनीला, मान द्या. तवा मामंजी काय म्हणले माहिताय? आपल्या घराण्यात असली चाल न्हाई. कडब्याच्या गंजीमागं नेऊन मारलं. हात कुणी धरले होते, इचार ह्येंला."

राधाकिशननी दोरा ओढून तोडला. गीताबाई बोलतच राहिल्या.

"आठ दिवसांत कपाशीवरचं औषध पिऊन मेले आप्पाभाऊजी. अन् ती बाई त्याच्यापुढं चाळीस वर्सं मागच्या खोलीत. नीट कुंकवाचा करंडा दिसू दिला न्हाई तिला आमी."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. वैष्णवीला वाटलं, आता. आता ही बाई तो कागद ओढून घेईल आणि चुलीत घालेल. जिला जिवंतपणी लग्न करू दिलं नाही, तिचं मेल्यावर पेन्शनीसाठी लग्न लावताहेत, याहून आणखी काय बघायचं राहिलं? पाच वर्षांत पहिल्यांदा तिला सासूचा हात धरावासा वाटला.

गीताबाईंनी नाक पुसलं. "ताराबाईचं नाव नका घालू," त्या म्हणाल्या. "तळतळाट लागंल. दुसऱ्या कुणाचं घाला."

"दुसरं कुणाचं घालू? सांगा," मोहनरावांनी खिशातलं पेन काढलं.

"माझ्या माहेरची एक चुलती हाय मेलेली. तिचं घाला. तिचं इकडं कुणाला ठावं न्हाई."

मोहनरावांनी ताराबाईंच्या नावावर काट मारली आणि पेननं कानाजवळ खाजवत म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणायचं?"

गीताबाई नाव सांगू लागल्या. राधाकिशननी गावाचं नाव दुरुस्त केलं. हरिओमनं मोबाइलमध्ये साल मोजून दिलं. ओसरीवर अत्तराचा, चहाचा, धुतलेल्या कपड्यांचा वास होता, आणि वैष्णवीनं नाकाला पदर लावला. दोन्ही घरांतल्या मेलेल्या बाया जणू भांड्यांसारख्या मांडून ठेवल्या होत्या आणि ही माणसं त्यातलं कामाला येईल ते निवडत होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"काय?" हरिओम.

"फारकतीवरही नाही आणि यावरही नाही. कोर्टात विचारतात, स्वतःच्या मर्जीनं आलात का. मी नाही म्हणून सांगेन."

"तुला इचारतंय कोण बे?" हरिओम चिडला की बायकोलाही गड्यासारखंच बोलायचा.

"तेच सांगतेय. तिथं विचारतात."

मोहनराव हसले. "बाई, तुमच्याच पोरीच्या भल्यासाठी चाललंय. पैसा घरात राहील."

"माझी मुलगी मोठी होईल, तिचा नवरा असाच कागद तिच्यापुढं ठेवेल, आणि उदाहरण म्हणून माझं नाव घालाल तुम्ही. मग ती खरीच रूढी होईल."

"मग उचल पोरगी अन् चालती हो," हरिओम उठला. "ह्या घरात तुझं काय हाय?"

"वैष्णवी." मागच्या खोलीतून परमेश्वरचा आवाज आला. फार मोठा नव्हता, पण फौजेतला होता, सगळे गप्प झाले. "इकडं ये. दार उघडं राहू दे. सगळ्यांना ऐकू गेलं पायजे."

ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तो पाठीवर पडून छताकडं बघत होता.

"समदं ऐकलंय मी. आता साफ सांग. सुकन्याचं बी असंच झालतं का?"

वैष्णवीच्या मागं चार माणसं होती. तिला त्यांचे श्वास ऐकू येत होते. आता खोटं बोललं तर नुसती सही नाकारल्याची शिक्षा होईल. खरं बोललं तर परतीचा रस्ता नाही.

"मला सांगितलं," परमेश्वर म्हणाला, "की ती म्हणती, मेलेल्या माणसाशेजारी किती रात्री काढू."

"ताई असं म्हणाल्या नव्हत्या."

"न्हाई?"

"त्यांना सांगितलं, तुम्ही म्हणता हिचं तोंड बघवत नाही."

"मी म्हणलो न्हवतो."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

बाहेर संस्कृती कोंबडीमागं पळत होती, तिचे पैंजण वाजत होते. मग त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. या दोन वर्षांत तिनं त्याचं सगळं अंग बघितलं होतं, नागडं, फाटलेलं, घाण झालेलं, आणि तिला कधी मान खाली घालावी लागली नव्हती. आत्ता लागली.

"तू रोज माझी पाठ धुतलीस," तो म्हणाला. "अन् रोज गप बसलीस."

"हो."

"हरिओम," त्यानं हाक मारली, "माझं कार्ड हितं आणून ठिव."

"दादा, तू तिचं ऐकून..."

"कार्ड. अन् त्या मोहनरावला म्हणावं, ऊठ. मी पडल्यापडल्या बी सैनिक कल्याणच्या साहेबाला फोन लावू शकतो. हात चालू हायेत माझे."

मोहनरावांनी कागद घडी करून खिशात घातला. जाताना दारात राधाकिशनना म्हणाले, "जाऊ द्या. दुसरी एखादी गरिबाघरची बघू. लई मिळत्यात." ते अगदी सहज म्हणाले, शेळीबद्दल बोलावं तसं.

कार्ड खाटेवर आलं. परमेश्वरनं ते उशीखाली सारलं.

"वैष्णवी, चकलांब्याला जा. परत ये म्हणू नको तिला. तो हक्क मी कोर्टात मान हलवून घालवला. खरं काय ते सांग, बास. आजच्यासारखं."

"तुमचं इथं कोण बघेल?"

"आईनं जन्म दिलाय. एक दिवस बघंल ती."

सकाळी ती संस्कृतीला कडेवर घेऊन निघाली. हरिओम दारात आडवा झाला नाही, पण म्हणाला, "गेलीस तर परत येताना दार उघडं सापडंलच असं न्हाई." तिनं ऐकून घेतलं. बीडला बस बदलली, गेवराईला बदलली. चकलांब्याला उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सुकन्या दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, हात काळे, बोटांना बोंडांचे ओरखडे. धाकट्या जावेला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"ते गेले का?" तिनं विचारलं.

"नाही ताई. आहेत."

सुकन्याचा हात क्षणभर बोंडावरच राहिला. मग पुन्हा चालू झाला. वैष्णवीनं सरीत उभं राहून सगळं सांगितलं. निरोप, चूल, भाकरी, आपण लिहिलेला मसुदा, कालचा कागद. रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माफ करा असं म्हणायला आले नाही मी."

"बरं केलंस. म्हणली असतीस तर ढेकूळ घातलं असतं डोक्यात." सुकन्यानं ओटी सोडून कापूस गोणीत ओतला. "पाठीची जखम भरली का?"

"डावीकडची भरली. उजवीकडची नाही."

"उजवीकडं उशी द्यावी लागती खालून. मी सांगितलं होतं तुमाला." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू मला येऊन सांगितलंस. माझ्यापुरतं झालं. पर माझं काय झालंय ते तुला ठावं न्हाई. ह्या गावात मला काय म्हणतात माहिताय? देशासाठी मोडून आलेल्या नवऱ्याला टाकून आलेली. भावजय पोराला माझ्याजवळ देत न्हाई. गणपतीला फौजी लोकांच्या बायकांचा सत्कार झाला, तवा एकीनं मला बघून खुर्ची सरकवून घेतली. दोन वर्सं मी मान वर करून पारावरून गेले न्हाई."

"मी तुमच्या भावाला सांगते."

"भाऊ एकटा काय करील? चल."

"कुठं?"

"पारावर. आत्ता रानातून सगळी माणसं परत येत्यात."

घरात चार माणसांपुढं बोलणं वेगळं. इथं परका गाव. तिची सगळी हयात पडद्याआडून बघण्यात गेली होती, बघितलेलं आतच ठेवण्यात. पण सुकन्या गोणी डोक्यावर घेऊन चालायलाही लागली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

पारावर म्हातारी माणसं बसली होती. रानातून येणाऱ्या बाया गोणी टेकवायला थांबल्या. सुकन्याबरोबर परकी बाई बघून आणखी दोघीचौघी थांबल्या. तिचा भाऊ बैल बांधता बांधता आला. सुकन्यानं ओळख करून दिली नाही, धीरही दिला नाही. नुसती बाजूला उभी राहिली, पारावर पहिल्यांदाच मान वर करून.

वैष्णवीनं संस्कृतीला कडेवर सावरलं.

"माझं नाव वैष्णवी," ती म्हणाली. "मी ह्यांची धाकटी जाऊ. ह्यांनी नवऱ्याला टाकलं नव्हतं. त्यांच्या पेन्शनीसाठी आमच्या घरानं ह्यांना टाकलं. दोघांना दोन खोट्या गोष्टी सांगून टाकलं. आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं."

"मोठ्यानं बोल बाई," मागच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली. "हितं ऐकू येत न्हाई."

वैष्णवीनं संस्कृतीला कडेवरून खाली उतरवलं, पाराच्या पायरीवर चढली, आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगायला लागली.